घरी केलेले पदार्थ विकणाऱ्या शेतकऱ्यांसाठी नियम बनवताय? आधी बरणीत बघा, स्वयंपाकघर नंतर

शेतकरी बाजार भरवणारे, उत्पादक गट चालवणारे, किंवा "तुम्हीच ठरवा काय ते" म्हणून ज्यांच्या गळ्यात हे काम पडलंय त्यांच्यासाठी लिहितोय. मी पण असाच अडकलो होतो. आमच्या गटाची पहिली नियमावली मीच लिहिली, सात पानी, आणि त्यातली पाच पानं नुसती स्वयंपाकघराबद्दल, ओटा कशाचा, टाइल्स कुठपर्यंत, घरात मांजर येतं का वगैरे वगैरे. सगळ्यांनी फोटो पाठवले, सगळी स्वयंपाकघरं चकाचक. आणि पहिल्याच महिन्यात एका ताईंनी तेलात सोललेला कच्चा लसूण घालून भरलेल्या बाटल्या आणल्या. त्यांचं स्वयंपाकघर सगळ्यांत स्वच्छ होतं आणि त्या दिवशीच्या टेबलावरचा सगळ्यांत धोकादायक माल पण तोच होता. माझ्या सात पानांत त्यावर एक ओळ नव्हती.

लसूण मातीत वाढतो, त्याच्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. एरवी ते गप पडून असतात कारण या जंतूला हवा चालत नाही. तेलात बुडवलं की हवा बंद, आंबटपणा नाही, लसणात ओलावा आहेच, त्यात बाटली फ्रिजबाहेर, म्हणजे त्याला हवं ते सगळं आयतं मिळालं. १९८५ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या एका रेस्टॉरंटमधल्या अशाच तेलातल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम, म्हणजे या जंतूने सोडलेल्या विषामुळे होणारा जीवघेणा आजार, झाला होता. वास किंवा चव बदलेलच असं नाही, त्यामुळे "आम्ही घरी खातोच की" या वाक्याला इथे काही अर्थ नाही. आणि उकळून घेतलं की झालं, हे पण खरं नाही. उकळल्याने तयार झालेलं विष जातं, बीजाणू मात्र १०० अंशांना तासन्‌तास तग धरतात, त्यांना मारायला प्रेशरखाली १२१ अंशांपर्यंत जावं लागतं.

तर पहिलं काम, विकणाऱ्यांची यादी बाजूला ठेवा आणि पदार्थांची यादी करा. प्रत्येक पदार्थाला दोनच प्रश्न विचारायचे, किती आंबट आहे आणि जंतूंना वापरता येईल असं पाणी त्यात किती आहे. आंबटपणा पीएचवर मोजतात (आकडा जितका कमी तितका पदार्थ जास्त आंबट) आणि रेषा ४.६ ला आहे, त्याच्या खाली बोट्युलिनम वाढत नाही. पाण्यासाठी वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी नावाचं माप आहे, शून्य ते एक, तिथे साधारण ०.८५ ही रेषा धरतात. मध ०.६ च्या आसपास, ताजं मांस ०.९९. मधात खरं तर पाणी असतं पण साखर ते धरून ठेवते, जंतूला मिळत नाही, म्हणून मध खराब होत नाही (तरी एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही, त्याचं कारण पण हेच बीजाणू, आणि ही ओळ मधाच्या लेबलवर पाहिजेच).

मग तीन ढीग आपोआप पडतात. सुकवलेली पानं, मसाले, कोरडी बिस्किटं, भरपूर साखरेचा जॅम, मध हा पहिला ढीग, इथे नाव नोंदवा, लेबल लावा, विका, फार छळू नका. दुसरा ढीग व्हिनेगरमधली लोणची, सॉस, टोमॅटोचे प्रकार. हे सुरक्षित होऊ शकतात पण पीएच मोजल्याशिवाय नाही. तिसरा ढीग दूध, मांस, मासे, साध्या पाण्यात भरून बंद केलेल्या भाज्या आणि आमचा तो तेलातला लसूण. याला घरच्या स्वयंपाकघरातून परवानगी द्यायचीच नाही असं माझं मत आहे, त्यासाठी लायसन्सवालं युनिट आणि तपासणी लागतेच, आणि हे सांगताना वाईटपणा येतो तो घ्यायचा.

खरी मारामारी दुसऱ्या ढिगात होते. टोमॅटो सगळ्यांना आंबट वाटतो पण त्याचा पीएच जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे ४.३ ते ४.९ असा फिरतो, म्हणजे नेमका रेषेवर उभा. म्हणून लिंबाचा रस किंवा व्हिनेगर मोजून घालायचं, अंदाजाने नाही. मोजायला मीटर घ्या, गटात एक पुरतो, आणि तो वापरण्याआधी ४ आणि ७ च्या बफरमध्ये (पीएच आधीच माहीत असलेल्या तयार द्रावणात) बुडवून सेट करायचा, हे कोणीच करत नाही. आमच्याकडे एकदा मीटर ३.९ दाखवत होता आणि सगळे खूश, बफरमध्ये टाकला तर कळलं अर्ध्या पॉइंटने कमी दाखवतोय, म्हणजे खरा आकडा ४.४. थोडक्यात वाचलो. अजून एक, भरल्या भरल्या नुसत्या पाण्याचा पीएच घेऊन उपयोग नाही, फोडीच्या आत आंबटपणा मुरायला वेळ लागतो. एक बरणी काही दिवसांनी उघडायची, पाणी गाळून फोडी मिक्सरमधून काढायच्या आणि त्या लगद्यात मीटर धरायचा. रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या चालतात, पण पदार्थ ४ च्या चांगला खाली असेल तरच. आणि रेसिपी बदलली, अगदी कांदा जास्त घातला तरी, परत मोजायचं.

आता विकणार कोणाला हे ठरवा, कारण नियम किती कडक हवेत हे त्यावर पण अवलंबून आहे. शेतकरी स्वतः समोर उभा राहून खाणाऱ्याला देतोय तर प्रश्न विचारता येतात, माल परत आणता येतो. तोच माल दुकानामार्गे गेला की कोणाकडे गेला ते कळत नाही. कॅलिफोर्नियात २०१३ पासून लागू झालेल्या कायद्यात हाच फरक धरलाय, फक्त थेट विकणाऱ्याला एक वर्ग, त्याला स्वतः चेकलिस्ट भरून नोंदणी, आणि दुकानांमार्फत पण विकणाऱ्याला दुसरा वर्ग, त्याला तपासणी. अमेरिकेतल्याच वायोमिंग राज्याने २०१५ मध्ये पार दुसऱ्या टोकाला जाऊन, घेणाऱ्याला माहीत असेल की हे विनापरवाना घरी केलंय तर बऱ्याच पदार्थांना लायसन्स आणि तपासणी दोन्हीतून सूट दिली. मला ते जास्तच सैल वाटतं. पण उलट बाजू पण बघा, अतिकडक नियम केला की लोक करायचं थांबत नाहीत, बिनलेबलचं ओळखीत विकतात, आणि मग काही झालं तर तुमच्या हातात धागाच नसतो. कडक नियम फक्त जिथे माणूस दगावू शकतो तिथे.

शेतकऱ्यांचा नेहमीचा वाद असतो, "माझ्याच शेतातलं आहे, मला कसला नियम". अर्धं बरोबर आहे. शेतमाल जसा निघाला तसा विकताना बऱ्याच देशांत वेगळी वागणूक असते, युरोपात खाद्यपदार्थांच्या स्वच्छतेचा ८५२/२००४ हा नियम पण थेट ग्राहकाला थोडाफार कच्चा माल देणाऱ्या शेतकऱ्याला सोडून देतो. पण चिरलं, शिजवलं, बरणीत बंद केलं की तो शेतमाल राहत नाही, तो तयार खाद्यपदार्थ झाला. ही रेषा नियमावलीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात टाका, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. आणि सरकारी नोंदणी लागत असेल तर तुमचा नियम त्याच्या वरचा आहे, त्याच्या बदल्यात नाही, हे पण तिथेच लिहा.

लेबलवर नाव, पत्ता, घटक जास्तीपासून कमीकडे, वजन, केल्याची तारीख, बॅच नंबर, आणि "घरच्या स्वयंपाकघरात केलेलं" हे स्पष्ट. अ‍ॅलर्जीचे पदार्थ वेगळ्या ओळीत, शेंगदाणा, बदाम-काजू, दूध, अंडं, गहू, सोया, मासे, तीळ (अमेरिकेत तीळ १ जानेवारी २०२३ पासून सक्तीच्या यादीत आलाय, युरोपात आधीपासून होता). इथे सूट कोणालाच नाही, पहिल्या ढिगाला पण नाही, कारण अ‍ॅलर्जीचा पीएचशी काही संबंध नाही. कोरडं बिस्किट आहे म्हणून निवांत राहायचं आणि त्यात शेंगदाण्याचा कूट आहे हे लिहायचंच राहिलं, असं होतं.

बॅचसाठी साधी वही बास. तारीख, बॅच नंबर, किती बरण्या, पीएच किती, व्हिनेगर कुठल्या बाटलीतलं, कुठे विकलं. एक्सेल वगैरे मागू नका, कोणी भरत नाही. वही ओल्या हाताने भरलेली, डाग पडलेली असेल तर समजायचं खरी आहे, एकाच पेनाने एकाच बैठकीत लिहिलेली महिनाभराची सुंदर वही दिसली की मी त्यांच्याकडची एक बरणी उघडून मोजतोच.

स्वयंपाकघराची तपासणी मग अर्ध्या पानात बसते. पिण्याचं पाणी, हात धुवायची सोय, पदार्थ करताना जनावर आणि आजारी माणूस आत नाही, कच्चं मांस त्या दिवशी ओट्यावर नाही. नाशवंत माल ५ अंशांच्या खाली किंवा ६० च्या वर, मधे तासन्‌तास नाही.

सुरू करण्याआधी एकदा लुटूपुटूची बॅच परत बोलावून बघा. कोणालाही न सांगता एका सकाळी फोन करायचा, "बॅच १४ चं झाकण फुगलंय अशी तक्रार आहे, बाकीच्या बरण्या कुठे आहेत?" आमच्याकडे पहिल्यांदा याचं उत्तर यायला दोन दिवस लागले आणि २४ पैकी ९ बरण्यांचा पत्ताच लागला नाही. दुसऱ्यांदा चाळीस मिनिटं, कारण तोपर्यंत प्रत्येकाने वहीच्या शेवटच्या पानावर घेणाऱ्यांचे फोन नंबर लिहायला सुरुवात केली होती. त्या लसणाच्या ताई आता लसूण सुकवून विकतात, आणि मीटर त्यांच्याकडेच असतो.