कुत्र्याच्या गोचिडी जात नाहीत? आधी या चुका टाळा

उन्हं तापायला लागली की मराठवाड्यात कुत्रं पाळणाऱ्यांची एकच तक्रार सुरू होते: "परवाच औषध लावलं, तरी मोत्याच्या कानात पुन्हा गोचिडी!" बऱ्याचदा दोष औषधाचा नसतो. आपण कुत्र्यावर औषध मारत राहतो आणि गोचिडी असतात भिंतीत.

फक्त कुत्र्यावर उपचार करणं

सगळ्यात मोठी चूक हीच. कुत्र्यावर नेहमी दिसणारी तपकिरी गोचीड आयुष्यात तीन टप्प्यांवर रक्त पिते: सहा पायांचं बारीक पिल्लू असताना, मधल्या अवस्थेत आणि मोठी झाल्यावर. पोट भरलं की ती खाली पडते आणि आडोसा शोधते. रक्त पिऊन टम्म फुगलेली, एरंडाच्या बीसारखी करडी मादी भिंतीवरून वर चढताना तुम्ही पाहिली असेल. ती अंडी घालायला फट शोधत असते. एका मादीची अंडी चार हजारांपर्यंत जातात. गोठ्यातल्या गुरांवरची नेहमीची गोचीड वेगळी. ती मोठी होईपर्यंत एकाच जनावरावर राहते. म्हणून गुरं विकली तरी कुत्र्याच्या गोचिडी काही कमी होत नाहीत.

आपल्याकडची दगड-मातीची घरं, माळवदाच्या कडा, पत्र्याखालचे वासे, दाराच्या चौकटीमागची पोकळी, हे सगळं तिच्या सोयीचंच. उष्णतेत तिची पिढी दोन-तीन महिन्यांत तयार होते आणि मोठी गोचीड कित्येक महिने उपाशी राहू शकते. कुत्रं महिनाभर गावाला नेलं म्हणून घर साफ होत नाही.

म्हणून कुत्र्याला औषध द्याल त्याच दिवशी त्याची बसायची जागाही हाती घ्या. पोतं किंवा गोधडी उकळत्या पाण्यात टाका, फार जुनी असेल तर जाळून टाका. फटी सिमेंटने बुजवा. भिंतीचा खालचा भाग, कोपरे, चौकटी यांवर पशुवैद्यकांनी सांगितलेलं औषध फवारा आणि वाळेपर्यंत लेकरं, कुत्रं, मांजर बाहेर ठेवा. फवाऱ्याने अंडी मरतीलच असं नाही, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारावं लागतं. हा दुसरा फवारा बहुतेक लोक टाळतात आणि मग औषध बोगस निघालं म्हणतात.

गुरांचं किंवा शेतातलं औषध कुत्र्यावर वापरणं

"गुराला चालतंय, मग कुत्र्याला बी चालंल की," असं दुकानात सर्रास ऐकायला मिळतं. यात जीव जातो. अमिट्राझचं (गुरांच्या गोचिडींवर पाण्यात मिसळून लावायचं) औषध अंदाजाने बाटलीच्या झाकणाने मोजून घातलं, तर कुत्रं सुस्त पडतं, हृदयाचे ठोके मंदावतात. लहान पिलांना तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नका. कापसावर, तुरीवर मारायची कीटकनाशकं त्याहून वाईट. कुत्रं अंग चाटतं आणि विष पोटात जातं. तोंडाला फेस, लाळ, थरथर, झटके दिसले की साबणाच्या पाण्याने अंग धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. तंबाखूचं पाणी आणि रॉकेल यांचंही तेच. निकोटीन विषारी आहे आणि रॉकेलने कातडी भाजते. घरात मांजर असेल तर आणखी जपा, कारण परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेली कुत्र्याची औषधं मांजराला घातक ठरतात.

मानेवरचं औषध लावून लगेच अंघोळ

मानेवर थेंब टाकायचं फिप्रोनिलसारखं औषध केस बाजूला करून थेट कातडीवर पडलं पाहिजे. लावण्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको.

गोळीच्या बाबतीत वेगळा गैरसमज आहे. गोळी दिली तरी गोचीड चिकटतेच, कारण चावल्याशिवाय औषध तिच्या पोटात जात नाही. एक-दोन दिवसांत ती मरून पडते. म्हणून चार गोचिडी दिसल्या की लगेच दुसरी गोळी देऊ नका. मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून दोन पिलांना वाटणं हीसुद्धा चूकच, वजनाप्रमाणेच गोळी घ्या. कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.

गोचीड कशीही ओढणं, चिरडणं, जाळणं

चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका. नखाने चिरडू नका, तिच्यातून माणसालाही टिक टायफससारखा ताप येऊ शकतो. कानाच्या घड्या, पायाच्या बोटांची बेचकी, शेपटीचं बूड आणि गळ्याच्या पट्ट्याखाली रोज हात फिरवा. दाट केसांच्या लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डला नुसतं बघून काही कळत नाही, बोटांनाच लागतं.

गोचिडी गेल्या म्हणजे धोका टळला असं समजणं

एर्लिकिया आणि बबेसिया या रक्ताच्या आजारांचे जंतू गोचीड कुत्र्याच्या रक्तात सोडून जाते आणि लक्षणं पुढे एक ते तीन आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही दिसतात. कुत्रं भाकरीला तोंड लावत नाही, अंग तापतं, नाकातून रक्त येतं, लघवी गडद होते. ओठ वर करून हिरडी बघायची सवय लावा. निरोगी हिरडी गुलाबी असते, पांढुरकी पडली तर उद्यावर ढकलू नका. रक्ताची तपासणी करा, त्यात प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी निघतात. एर्लिकियावर डॉक्सीसायक्लीन साधारण २८ दिवस द्यावं लागतं. पाचव्या दिवशी कुत्रं भाकरी खायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात. आजार मात्र आत दबा धरून राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी डोकं वर काढतो.

जवळचा दवाखाना कमी पडला तर परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जाताना आतापर्यंत लावलेल्या औषधाची बाटली किंवा गोळीचं पाकीट सोबत न्या. "काहीतरी पांढरं औषध होतं" एवढ्यावर डॉक्टरांना पुढचं औषध ठरवता येत नाही.