बॅटरी वॉरंटीत बदलायला निघालात? या चुका टाळा

नाशिकला जानेवारीत थंडी पडली की सकाळी सातला माझा फोन वाजायला लागतो. गाडी नुसती टकटक करतेय, बॅटरी वॉरंटीत आहे, काय करू? गाड्यांचा नाद म्हणून सगळे मलाच विचारतात, पण घोळ घालून झाल्यावर.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे उतरलेली बॅटरी आणि गेलेली बॅटरी यातला फरकच माहीत नसणं. आमचे साडू पाथर्डी फाट्याला राहतात, अंबडला कंपनीच्या बसने जातात, गाडी निघते ती रविवारी. एका रविवारी बंद, शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप स्टार्ट केली आणि तडक दुकानात, वॉरंटी आहे ना मग नवीनच द्या म्हणून भांडण. तिथल्या पोराने मीटर लावला, 11.8 व्होल्ट, म्हणजे उतरलेली. चार्जिंगला ठेवा, उद्या या. दुसऱ्या दिवशी 12.6, म्हणजे फुल, लोड टेस्ट (भार टाकून बघतात ती) ओके, क्लेम नाही. पुढच्या रविवारी परत तेच. मग मी गेलो, निगेटिव्हच्या वायरमध्ये मल्टिमीटर जोडून गाडी लॉक केली आणि अर्धा तास चहा पीत बसलो, तर बंद गाडी 0.4 अँपिअर खातेय! 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक असतं. हे म्हणजे दिवसाला साडेनऊ अँपिअर-अवर, बॅटरी 35 ची, चौथ्या दिवशी खेळ खल्लास. कारण काय, तर डायरेक्ट जोडलेला डॅशकॅम. यात बॅटरीवाल्याने काय करायचं?

खरंच गेलेली बॅटरी कितीही चार्ज केली तरी बऱ्याचदा साडेदहा व्होल्टच्या आसपास अडकते, कारण सहातला एक सेल मेलेला असतो. माझी तशीच होती, हायड्रोमीटरमध्ये (ॲसिडची घनता मोजायची नळी) पाच सेल 1250 आणि एक 1100, दुकानदाराने वाद न घालता बदलून दिली. म्हणून मी आधी चार्ज करतो, मग मोजतो, मग जातो. लोकांना तेवढा धीर नसतो.

दुसरं, बॅटरी नवीन मिळाली म्हणजे वॉरंटीही नवीन, असं सहसा नसतं हो. जुन्या खरेदीच्या तारखेपासून उरलेले महिनेच मिळतात. कार्डावर नवा सिरियल नंबर आणि शिक्का तिथेच उभं राहून घ्या.

बिलाचा फोटो काढून ठेवा, त्या कागदावरची शाई वर्षभरात उडते.

वरून ॲसिड ओतून घेऊ नका, रस्त्यावरचा कोणीही किती छातीठोकपणे सांगो.

फ्री रिप्लेसमेंटचे महिने संपून प्रो-राटा (फुकट नाही, वापरलेल्या महिन्यांच्या हिशोबाने नवीनवर सूट) लागला असेल तर आधी बाहेर भाव काढा. ती सूट बहुतेक एमआरपीवर धरतात, आणि जुनी देऊन नवीन घेतली तर बाजारात कधीकधी तेवढ्यालाच पडते.

आणि चार्जिंगला दोन दिवस लागणार असतील तर स्टँडबाय बॅटरी मागा, बरेच दुकानदार देतात. साडूंनी मागितली नाही, दोन दिवस माझी गाडी फिरवली आणि रिझर्व्हला आणून दिली.