हिमालयात स्कीवर उतरायचंय? आधी वेताळ टेकडीवर या

पुण्यात बर्फ म्हणजे उसाच्या रसातला. त्यामुळे जानेवारीत स्की बांधून निघालो की सोसायटीत हमखास विचारतात, "सर्फिंग का?" हसू द्या. वळणं घेणं गुलमर्ग-मनालीच्या संस्थांमध्ये शिकता येतं. मित्राला बर्फाखालून उकरून काढण्याची सवय मात्र इथेच, घरी, लावून घ्यावी लागते.

कारण स्की-लिफ्टच्या पलीकडे, मोकळ्या डोंगरात, बचावपथकाची गस्त नसते. हिमस्खलनात गाडलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आला तर जगण्याची आशा बरीच, पुढे ती झपाट्याने घसरते. तेवढ्यात बाहेरून कोणी पोचत नाही. सोबतचेच पोचतात.

म्हणून प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यातच: बीकन (अंगावर बांधायचं, रेडिओ सिग्नल सोडणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब घडीची काठी) आणि फावडं. सगळी बीकन ४५७ किलोहर्ट्झवरच चालतात, वेगवेगळ्या कंपन्यांची असली तरी हरकत नाही. मोबाईल त्यापासून किमान २० सेंटिमीटर लांब, शोधताना ५० सेंटिमीटर. पावसाळ्यात बीकनमधले सेल काढून ठेवा. मी एकदा विसरले आणि गणपतीनंतर डबी उघडली, तर आत पांढरी पूड.

रविवारी सकाळी टेकडीवर एकजण पोत्यात बीकन गुंडाळून पाचोळ्याखाली लपवतो, दुसरा घड्याळ लावतो. आधी भराभर चालत सिग्नल पकडायचा. बीकनवरचा अंतराचा आकडा ३ मीटरच्या खाली आला की वाकून, बीकन जमिनीलगत धरून, सावकाश आडवं-उभं फिरवायचं. सगळ्यात लहान आकडा मिळाला तिथून प्रोब, २५-२५ सेंटिमीटरवर, गोल वाढवत. लागला की उपसायचा नाही, तसाच ठेवायचा.

खणणं टेकडीवर जमत नाही. त्यासाठी आम्ही शेजारच्या बांधकामावरचा क्रश सँडचा ढीग मागून घेतला. वॉचमनकाकांनी दोनदा विचारलं, "ताई, नक्की काय हरवलंय?" प्रोबच्या थेट वरून खणू नका, उताराच्या खालच्या बाजूने आत शिरा. सगळ्यात जास्त वेळ खणण्यातच जातो, हे त्या ढिगाने चांगलंच शिकवलं.

पायांसाठी सिंहगड. आतकरवाडीतून पाठीवर १२ किलो घेऊन चढा आणि उतरताना गाडी पकडू नका, मांड्या उतारावरच तयार होतात.

चढायला स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे लव असलेली लांब पट्टी, चिकटवतात. मखमलीवर हात फिरवून पाहा, एकीकडे सरकतो, उलट फिरवला की अडतो, तसंच तिचं काम. पुण्याच्या उन्हाळ्यात माळ्यावर ठेवल्या तर गोंद पातळ होऊन सगळीकडे फासतो. माझ्या आईच्या गोदरेजच्या कपाटात, खालच्या कप्प्यात असतात, साड्यांच्या शेजारी. त्यावर तिचं मत विचारू नका.

डोंगरात उतार मोजा. पाट्यासारखा तुटणारा बर्फ बहुधा ३० ते ४५ अंशांत सुटतो, आणि स्कीला मजाही नेमकी तिथेच येते. पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज आला तर परत फिरा. उतरायचं एकेकानेच. बाकीच्यांनी कडेला, उताराच्या वाटेबाहेर थांबून नजर ठेवायची.

आमच्यात आणखी एक ठरलेलं आहे. कोणीही एकाने 'नको' म्हटलं की नको, कारण विचारायचं नाही. मागच्या खेपेला मनालीच्या वर ताज्या बर्फावर ऊन तापलं होतं आणि गटातली सगळ्यात नवी मुलगी म्हणाली, "दादा, मला नाही जमणार." आमच्यातल्या एकाची सुट्टी संपत आली होती, त्याचं तोंड बघवत नव्हतं. फिरलो. उरलेले दोन दिवस झाडीतल्या सौम्य उतारावर वळणं घोटली.