आयनिक द्रवांवर संशोधन सुरू करताना

लिथियम बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटवर, म्हणजे दोन इलेक्ट्रोडांमध्ये आयन वाहून नेणाऱ्या माध्यमावर, संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला सामान्य तापमानाला वितळलेल्या अवस्थेत राहणाऱ्या क्षारांचे, म्हणजेच आयनिक द्रवांचे, आकर्षण वाटते, कारण हे द्रव नेहमीच्या कार्बोनेट द्रावकांप्रमाणे उडून जात नाहीत आणि सहजी पेट घेत नाहीत. पॉल वाल्डेन यांनी १९१४ साली वर्णिलेले इथिलअमोनियम नायट्रेट हा असाच एक क्षार; तो सुमारे १२ अंश सेल्सियसला वितळतो. बॅटरीसाठीच्या आयनिक द्रवांत मात्र आज प्रामुख्याने टीएफएसआय (बिस(ट्रायफ्लुओरोमिथेनसल्फोनिल)इमाइड) किंवा एफएसआय (बिस(फ्लुओरोसल्फोनिल)इमाइड) हे ऋण आयन असलेले क्षार वापरले जातात.

धन आयन निवडताना माझा कल पायरोलिडिनियम या एकच नायट्रोजन असलेल्या कड्याच्या आयनाकडे असतो. इमिडाझोलियमचे द्रव अधिक प्रवाही असतात हे खरे, पण त्याच्या कड्यातील दोन नायट्रोजनांमधला हायड्रोजन आम्लधर्मी असल्याने लिथियमच्या विभवाच्या सुमारे एक व्होल्ट वरच त्याचे क्षपण (इलेक्ट्रॉन घेऊन विघटन) सुरू होते आणि ऋण इलेक्ट्रोडातले ग्राफाइट तर त्याच्याही बरेच खाली काम करते.

संवाहकतेच्या आकड्याने मात्र भुलू नये, हे मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे. या द्रवात सगळेच आयन असल्यामुळे बराचसा प्रवाह असे आयन वाहतात, ज्यांचा बॅटरीच्या अभिक्रियेत काहीच सहभाग नसतो. लिथियमभोवती टीएफएसआयचे दोन किंवा अधिक आयन जमले की तयार होणाऱ्या समूहावर ऋण प्रभार येतो, आणि इलेक्ट्रोफोरेटिक एनएमआरच्या (विद्युत क्षेत्रात आयन कोणत्या दिशेने व किती वेगाने सरकतात हे दाखवणाऱ्या) मापनांत लिथियम चक्क धन ध्रुवाकडे सरकताना आढळला आहे. या द्रवात विरघळवायचा लिथियमचा क्षार अधिक घातल्यास श्यानताही (द्रवाचा दाटपणा) वाढते, म्हणून एकूण संवाहकतेबरोबर लिथियमचा वाटा मोजल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये. हा वाटा मोजण्याची नेहमीची ब्रूस-व्हिन्सेंट पद्धत दोनच प्रकारचे आयन असलेल्या इलेक्ट्रोलाइटसाठी मांडलेली आहे; इथे तिचे उत्तर जपून वापरावे.

टीएफएसआयचे अनेक द्रव पाण्यात मिसळत नसले तरी हवेतील ओलावा शोषतात. त्यामुळे निर्वातात तापवून ते सुकवावेत, कार्ल फिशर मापनाने पाण्याचे प्रमाण तपासावे आणि मगच बाटली ग्लोव्हबॉक्समध्ये (हवाबंद, निष्क्रिय वायूने भरलेल्या पेटीत) न्यावी. तिथे आर्गॉनच हवा, कारण नायट्रोजनशी लिथियम धातूची अभिक्रिया होते. पॉलिप्रोपिलीनचा सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडांमधला सच्छिद्र पडदा) या द्रवांनी नीट भिजत नसल्याने सुरुवातीच्या कॉइन सेलमध्ये (नाण्याच्या आकाराच्या चाचणी-बॅटरीत) काचतंतूंचा सेपरेटर घालावा आणि पहिली चार्ज-डिस्चार्ज चाचणी मंद गतीने, शक्य असल्यास ६० अंशांना घ्यावी.