कंबरलँड बेटावर मुक्कामाला जाताना

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, फ्लोरिडाच्या सीमेला लागून असलेले कंबरलँड हे सुमारे 28 किलोमीटर लांबीचे रोधक बेट आहे, म्हणजे लाटांनी रचलेली वाळूची अशी पट्टी, जी वादळांचा पहिला तडाखा स्वतः सोसून मागच्या खाजणांना आडोसा देते. 1972 पासून ते राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून संरक्षित आहे. तिथे पूल नाही. सेंट मेरीज गावातून प्रवासी बोटीने पाऊण तासात पोहोचता येते.

बोटीची आणि तंबूच्या जागेची आरक्षणे वेगवेगळी असल्याने दोन्हींच्या तारखा जुळल्याखेरीज बाकीची आखणी करू नये. बेटावर एकही दुकान नाही, त्यामुळे अन्न, कीटकनाशक मलम, विजेरी आणि कचऱ्याच्या पिशव्या घरूनच न्याव्या लागतात. कचराही आपल्याबरोबरच परत आणायचा असतो. परतीची शेवटची बोट चुकल्यास स्वखर्चाने खासगी बोट ठरवावी लागते, हे ध्यानात ठेवावे.

प्रथमच जाणाऱ्याने सी कॅम्प ही जागा निवडावी, असे माझे मत आहे. धक्क्यापासून ती एका किलोमीटरच्या आत आहे, तिथे पिण्याचे पाणी व थंड पाण्याची न्हाणीघरे आहेत, आणि खाऱ्या वाऱ्याने वाकवलेल्या ओक वृक्षांच्या सावलीत तंबू लागतात. स्टॅफर्ड बीच साडेपाच किलोमीटरवर आहे. उत्तरेकडील ब्रिकहिल ब्लफ सुमारे सतरा किलोमीटर दूर असून तिथले पाणी शुद्ध करूनच प्यावे लागते आणि शेकोटी पेटवता येत नाही. पाठीवर सामान घेऊन चालण्याचा सराव असल्याशिवाय तिकडे जाऊ नये. अन्न उघड्यावर ठेवले, तर रॅकून हे छोटे निशाचर प्राणी ते रातोरात पळवतात.

पाहण्यासारख्या स्थळांत पहिला मान डंजनेसच्या भग्न वाड्याचा. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांचे बंधू थॉमस आणि त्यांच्या पत्नी लुसी यांनी 1884 मध्ये तो बांधायला घेतला आणि 1959 च्या आगीत तो जळाला. आता केवळ भिंती व धुराडी उरली आहेत. उत्तर टोकाला, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील लाकडी प्रार्थनाघर आहे. ते इतके साधे आहे, की 1996 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन केनेडी धाकटे यांनी गाजावाजा टाळून तिथे विवाह केला, याचे नवल वाटत नाही. तेवढे अंतर एका दिवसात पायी जाऊन येणे जवळपास अशक्य असल्याने उद्यानाची मोटार-सहल आधीच आरक्षित करावी.

अवशेषांभोवती मोकाट घोडे चरताना दिसतात. ते माणसाळलेले भासले, तरी लाथा मारतात आणि चावतात. त्यांना खाऊ घालणे तर सर्वस्वी वर्ज्य आहे. उन्हाळ्यात लॉगरहेड कासविणी रात्री किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, म्हणून पुळणीवर पांढऱ्या प्रकाशाची विजेरी वापरू नये आणि खुणा केलेल्या घरट्यांपासून लांब राहावे. वाळूच्या टेकड्या गवताच्या मुळांनी बांधून ठेवलेल्या असतात. समुद्राकडे जाताना लाकडी पायवाट सोडू नये. पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणारे जीवरक्षक इथे नसतात. ओहोटीनंतर मात्र किनाऱ्यावर सावकाश फेरी मारावी. रिकामे शिंपले आणि शार्कचे काळे पडलेले दात सापडतात आणि ते घरी नेण्यास मुभा आहे.