मांजराची झडप: दार कापणं सोपं, मांजराला डोकं लावायला शिकवणं अवघड

मांजराला स्वतःहून ये-जा करता यावी म्हणून दारात खालच्या बाजूला भोक पाडून बसवलेली झुलती फळी म्हणजे मांजराची झडप (कॅट फ्लॅप). ती बसवून झाली की बहुतेक घरांत एकच प्रकार होतो. मांजर झडपेसमोर बसून ओरडतं, कुणीतरी उठून हाताने झडप उचलून धरतं आणि मांजर ऐटीत पलीकडे जातं. आठवडाभर हे चाललं की मांजर एक गोष्ट पक्की शिकतं: ओरडलं की हात येतो. मग ‘आमच्या मांजराला जमतच नाही’ असं म्हणून झडपेला चिकटपट्टी मारली जाते. न जमणारं मांजर विरळा. घाई माणसं करतात, आणि तीही नेमकी एकाच टप्प्यावर. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे, सुतारकाम थोडक्यात.

दार कुठलं आणि झडप कुठली

फ्लॅटमध्ये झडप बाल्कनीच्या, ड्राय बाल्कनीच्या नाहीतर बेडरूमच्या दाराला बसवा. मुख्य दाराला नको. पलीकडे लिफ्ट, जिना, शेजाऱ्यांचा कुत्रा. आणि दार आगरोधक असेल तर भोक पाडल्यावर त्याचा उपयोगच संपतो.

बाल्कनीला आधी जाळी, मग झडप. हा क्रम उलटा करायचा नाही. ‘मांजर चारही पायांवर पडतं, त्याला काही होत नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. पायांवर पडूनही जबडा, छाती आणि पाय मोडतात. कबुतरांसाठीची पातळ नायलॉनची जाळी काही मांजरं दाताने तोडतात, त्यामुळे खालच्या तीन-चार फुटांना तरी स्टीलची जाळी लावा. बंगल्यात किंवा रो हाऊसमध्ये मांजर मोकळं फिरणार असेल तर नसबंदी, रेबीजची लस आणि मांजरांची तिहेरी लस झडपेच्या आधी उरकून घ्या.

भरीव फ्लश डोअर या कामाला सगळ्यात चांगलं. पोकळ दारही चालतं, पण कापल्यावर भोकाच्या चारही कडांना आत लाकडी पट्ट्या ठोकून पोकळी भरावी लागते. नाहीतर स्क्रू आवळताना दार दोन्ही बाजूंनी दबतं. टफन्ड काच घरी कापता येत नाही, प्रयत्न केलात तर अख्ख्या काचेचे दाणे होतात. सरकत्या काचेच्या दाराला सोपा मार्ग म्हणजे ट्रॅकमध्ये बसणारी, दाराच्या पूर्ण उंचीची ॲक्रिलिक किंवा प्लायची अरुंद फळी करून घेणं आणि झडप तिच्यात बसवणं. दार तेवढं उघडं राहील, म्हणून ते सरकू नये अशी खिट्टी मात्र हवी. भाड्याच्या घरातही हाच उपाय. मालकाचं दार शाबूत राहतं.

डासांच्या जाळीच्या दाराला झडप थेट जाळीत अडकवून देणारे कारागीर आहेत. ती टिकत नाही. जाळी झडपेचं वजन पेलत नाही, आणि मांजर त्याच जागी नख्या लावून जाळी फाडतं. दाराच्या खालच्या भागातली जाळी काढून तिथे एसीपी शीट (दोन्हीकडून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली प्लास्टिकची शीट) बसवा आणि मागून प्लायची चौकट लावून जाडी वाढवा. शीट असते ३ ते ४ मिलिमीटरची आणि झडपेसोबत येणारे लांब स्क्रू असतात लाकडी दारासाठी. चौकट नसेल तर ते आवळलेच जात नाहीत.

रोजच्या वापराला चार पद्धतींची साधी झडप पुरे: दोन्हीकडून ये-जा, फक्त आत, फक्त बाहेर आणि पूर्ण बंद. गल्लीतले बोके घरात शिरून ताटलीत तोंड घालत असतील तरच मांजराच्या कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप वाचून फक्त त्यालाच उघडणाऱ्या झडपेचा खर्च करा. लोखंडी सेफ्टी डोअरमध्ये ती तशीच बसवू नका. धातू जवळ असला की चिप वाचण्यात अडथळा येतो. आधी लोखंडात मोठी चौकट कापून लाकडी फळी बसवा, मग तीत झडप.

माप आणि काप

मांजर उभं असताना जमिनीपासून पोटापर्यंतचं अंतर मोजा. मोठ्या मांजराचं साधारण ४ ते ५ इंच भरतं. भोकाची खालची कड त्याच उंचीवर किंवा किंचित खाली यायला हवी. हे माप दोन्ही बाजूंनी तपासा, कारण बाल्कनीची फरशी बहुतेक घरांत आतल्यापेक्षा एक-दोन इंच खाली असते, वर उंबरठा वेगळाच. आतून पाच इंच असलेली कड बाहेरून सहा-सात इंच होते आणि परत येताना मांजराला उडी मारून झडपेवर आदळावं लागतं. बाहेरच्या बाजूला एक रुंद, न डुगडुगणारी पायरी ठेवा. म्हाताऱ्या मांजरासाठी कड आणखी इंचभर खाली घ्या, पण फ्लश डोअरच्या तळाची लाकडी पट्टी कापू नका. तिच्यावर दाराचा सांगाडा उभा असतो.

झडपेसोबत आलेला कागदी साचा चिकटवा, गुण्या लावून सरळ आहे ना ते बघा. चारही कोपऱ्यांत आतल्या बाजूने १० ते १२ मिलिमीटरची भोकं पाडा, सनमायकावर मास्किंग टेप लावा आणि जिगसॉने कापा. दाराखाली पाचर मारून ते घट्ट करा, नाहीतर पात्याबरोबर दारही थरथरतं. कडा पॉलिश पेपरने घासा.

इथे सुतार ‘झालं’ म्हणून झडप बसवायला घेतो. त्याला थांबवा. कापलेल्या कडेला प्रायमरचे दोन हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. झडप फरशीलगत असते. रोजच्या पुसण्याचं पाणी आणि पावसाची झड उघड्या प्लायमध्ये मुरली की एका पावसाळ्यात दार फुगतं, चौकट पिळली जाते आणि झडप अडकायला लागते.

स्क्रू हाताने आवळा. ड्रिल मशीनने आवळले की प्लास्टिकची चौकट वाकते. केसाएवढी वाकली तरी झडप एका बाजूला घासते. बोटाने हलकेच ढकलून सोडा: ती दोन्हीकडे सारखी झुलून मधोमध थांबली पाहिजे. सिलिकॉन बाहेरून वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना लावा. खालची कड मोकळी ठेवा, आत शिरलेलं पाणी तिथूनच बाहेर जाणार.

शिकवणं

मांजराच्या बाजूने विचार करा. त्याच्या लेखी ही भिंत आहे. आयुष्यभर जिथे नाक लावलं तिथे वस्तू हलली नाही, आणि जी हलली ती धोक्याची निघाली. झडपेत चार नव्या गोष्टी एकदम येतात: समोर अडथळा, डोक्याने ढकलणं, पाठीवरून सरकत जाणारी वस्तू आणि शेवटी खट्ट आवाज. चारही एका दिवशी समोर टाकल्या की मांजर मागे फिरतं. म्हणून एका वेळी एकच.

पहिले काही दिवस झडप काढूनच ठेवा. काही मॉडेलांत ती निघत नाही. तेव्हा वर उचलून दोरीने पक्की बांधा, नुसत्या चिकटपट्टीवर भरवसा नको. झडप एकदा पाठीवर पडली की पुढचे कित्येक दिवस मांजर त्या दाराच्या वाऱ्याला उभं राहत नाही. रोजचं जेवण पलीकडे द्या, फक्त खाऊ नव्हे. मांजर न थबकता दोन दिवस ये-जा करत असेल तर पुढे चला. थबकत असेल तर तिथेच थांबा, कॅलेंडर बघू नका.

या काळात लिटर ट्रे झडपेपलीकडे एकटा ठेवू नका. ड्राय बाल्कनीत ट्रे हलवायचा म्हणूनच अनेकजण झडप बसवतात आणि पहिल्याच दिवशी आतला ट्रे उचलतात. मग मांजर सोफ्यावर तरी करतं किंवा धरून ठेवतं. बोक्यांमध्ये लघवी तुंबणं हा जीवावर बेतणारा आजार आहे. ताण हे त्याच्या कारणांपैकी एक. दुसरा ट्रे घरात ठेवा आणि झडप पूर्ण जमल्यावरच काढा. बोका वारंवार ट्रेमध्ये बसून काहीच होत नसेल तर झडप बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता कापड. रिकाम्या भोकावर जुन्या पंचाचा तुकडा लावा, आधी मधोमध उभा चिरलेला, दोन दिवसांनी अखंड. कापडाला वजन नाही, आवाज नाही. मांजर डोक्याने बाजूला सारतं आणि पाठीवरून काहीतरी सरकल्याची सवय होते. ही पायरी उत्पादकांच्या माहितीपत्रकात क्वचित असते, आणि तीच गाळल्यामुळे पुढे सगळं अडतं.

मग खरी झडप, आणि खरा त्रास. झडप लावा, पण किंचित उघडी राहील अशी दोरीने ताणून ठेवा. ताणायची दिशा महत्त्वाची: झडप नेहमी मांजरापासून दूर, पलीकडच्या बाजूला ताणलेली हवी. अलीकडे ताणलीत तर फटीत पंजा घालून ती स्वतःकडे ओढता येते, हे मांजराला लगेच कळतं. एकदा ओढायची सवय लागली की ढकलायची गोष्ट त्याच्या डोक्यात शिरत नाही. बंद झडपेशी तासन् तास पंजाने खाजवत बसणारी मांजरं अशीच तयार होतात. सवय लागलेलीच असेल तर झडप काढा आणि कापडापासून पुन्हा सुरू करा. दुसरा उपाय नाही.

सुरुवात बाहेरून आत अशी करा. मांजराला घरात, जेवणाकडे यायची ओढ जास्त असते. तळाशी तीन इंच फट, मग दोन, मग एक, मग बोटभर. दर वेळी अंगाला लागणारं वजन थोडंच वाढतं. पलीकडे बसा आणि सुकट, जवळा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा झडपेपासून हातभर लांब ठेवा. अगदी झडपेशी ठेवलात तर मांजर डोकं आत, धड बाहेर अशा अवस्थेत खातं आणि मागे सरकताना झडप मानेवर बसते. सरावाच्या वेळी मांजराला भूक असावी, पण त्याला उपाशी ठेवून सराव करू नका. पाच मिनिटं पुरेत, दिवसातून दोनदा.

आतून बाहेर जाणं हा वेगळा धडा आहे. एका दिशेने जमलं म्हणजे दुसऱ्या दिशेने जमेल हे गृहीत धरू नका. दोरी उलट्या बाजूला बांधा आणि पुन्हा तीन इंचांपासून या. या वेळी प्रगती लवकर होते.

शेवटचा अडसर चुंबक. झडपेच्या तळाशी असलेलं चुंबक वाऱ्याने झडप हलू नये म्हणून असतं, पण मांजराच्या नाकाला तीच जागा घट्ट लागते. सगळं जमलेलं मांजर इथे येऊन हटकून अडतं आणि माणसं हाताने मदत करून सगळ्यावर पाणी ओततात. चुंबकावर इलेक्ट्रिकच्या चिकटपट्टीचे पाच-सहा थर द्या. अंतर वाढलं की ओढ कमी होते, खट्ट आवाजही दबतो. मग दोन-तीन दिवसांनी एकेक थर काढत जा. थराची जाडी झडप अडवत असेल तर चुंबकाऐवजी समोरच्या पट्टीवर थर देऊन पाहा.

मांजराला उचलून भोकातून ढकलू नका. तुमचं काम दोन सेकंदांत होतं, मांजराच्या मनात ती जागा मात्र पकडून कोंबण्याची ठरते. घरात शिकलेलं दुसरं मांजर असेल तर काम निम्मं होतं; पिल्लं बघून भराभर उचलतात. त्याला आधी जाऊ द्या, तुम्ही मधे पडू नका.

जमल्यावर

शिकलेलं मांजर अचानक वापर थांबवतं तेव्हा आधी बाहेर बघा. झडपेसमोर बोका दबा धरून बसत असेल तर उघड्यावर डोकं काढायची मांजराची हिंमत होत नाही. बाहेरच्या बाजूला दोन-तीन मोठ्या कुंड्या आडोशाला ठेवा. बोका नसेल तर बिजागरी बघा: केस आणि धूळ अडकून झडप जड झालेली असते. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. तेल घालू नका. धूळ आणखी चिकटते आणि अंगाला लागलेलं तेल मांजर चाटतं.

संध्याकाळच्या जेवणाआधी खिट्टी ‘फक्त आत’वर करा, मांजर आलं की पूर्ण बंद. तळमजल्याच्या घरात आणि कोकणात तर पावसाळ्यात हे चुकवूच नका: उंदीर, पाली आणि क्वचित सापही त्याच वाटेने येतात, काही स्वतःहून, काही मांजराच्या तोंडातून.

दारातून कापून काढलेला चौकोन फेकू नका. मागे दाराचं नाव आणि वरची बाजू पेन्सिलने लिहून माळ्यावर ठेवा. पुढे घर सोडताना मागे प्लायची पट्टी, फटीत लांबी (पुट्टी) आणि वरून सनमायकाचा तुकडा, इतक्यात दार बुजवता येतं. नवा तुकडा आणलात तर जाडी बहुधा जुळत नाही.