सुई नवी, पेन तेच: हॉस्टेलच्या सिक रूममध्ये या चुका टाळा

वडोदऱ्याच्या आसपासच्या निवासी शाळांमध्ये मी बरीच वर्षं नर्स आहे. जूनमध्ये नवे गृहपती येतात, नव्या मेट्रन येतात आणि दिवाळीच्या सुटीआधी एकदा तरी तेच वाक्य कानावर पडतं: "सिस्टर, सुई नवीनच लावली होती." हे ऐकलं की जीव कासावीस होतो. सांगणाऱ्यानं मनापासून काळजी घेतलेली असते आणि तरीही चूक होऊन गेलेली असते.

एका शाळेत ओळखपत्रावर रक्तगट छापायचा होता, म्हणून सातवीच्या मुलांची रांग लावली होती. उघडी लॅन्सेट, म्हणजे बोटाला टोचायची बारीक सुई, बघून मुलं घाबरतात, म्हणून टेक्निशियननं शुगर तपासायचं स्प्रिंगचं पेन आणलं होतं. दर मुलाला नवी सुई, स्पिरिटचा बोळा, सगळं शिस्तीत चाललेलं. मी पोचले तेव्हा एकवीस मुलं झाली होती आणि बाविसावा बोट पुढे करून उभा होता. मी पेन मागून घेतलं, पुढची टोपी फिरवून काढली आणि खिडकीपाशी उजेडात धरली. सुई जिथून बाहेर येते त्या भोकाच्या आतल्या कडेला तपकिरी रेघ होती, मोहरीएवढीही नाही.

ते वाळलेलं रक्त होतं. सुई बदलली तरी टोपीचं तोंड प्रत्येक बोटाला टेकतं आणि पुढच्या मुलाची जखम ताजी असते. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात किमान ७ दिवस तग धरतो. वरून स्पिरिट फिरवलं की तो मेला, या भरवशावर राहू नका. परदेशातल्या वृद्धाश्रमांमध्ये शुगर तपासायची पेनं सामायिक वापरल्यानं ही कावीळ पसरली होती. २०१० साली अमेरिकेच्या सीडीसी (रोगनियंत्रण) आणि एफडीए (औषधनियंत्रण) या सरकारी संस्थांनी बजावून सांगितलं की असं पेन एकाहून जास्त माणसांना कधीही वापरू नये.

आम्हाला एकवीस घरी फोन करावे लागले. सगळ्यांची हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी केली, लसीची कार्डं शोधली आणि सहा महिन्यांनी पुन्हा रक्त घेतलं. सगळे निगेटिव्ह आले. पण ते सहा महिने एक आई दर शुक्रवारी फोन करायची आणि एवढंच विचारायची, "त्याला भूक लागते ना नीट?" कुणीतरी तिला सांगितलं होतं की कावीळ झाली की आधी भूक जाते.

तेव्हापासून माझ्या सिक रूममध्ये स्प्रिंगचं सामायिक पेन नाही. टोचल्यावर सुई आपोआप आत जाते आणि पुन्हा चालतच नाही, अशी एकदाच वापरायची लॅन्सेट मी ठेवते. ज्या मुलाला मधुमेह आहे त्याचं मशीन, त्याचं पेन, त्याच्या पट्ट्या त्याच्याच पाऊचमध्ये. "रांग लांब आहे, पटकन उरका" म्हणणाऱ्याला मी सरळ बाहेर बसवते. लवकर उरकलं तर शाळेची दहा मिनिटं वाचतात, एवढंच.

दुसरी चूक इन्सुलिनच्या पेनाची. नवरात्रात मुलं गरब्याहून उशिरा येतात, जेवण लांबतं आणि नेमकं तेव्हाच कुणाचं तरी पेन संपतं. मग शेजारच्या पलंगावरच्या मुलाचं पेन, नवी सुई लावून. इथेही तोच घोटाळा. टोचताना रक्ताचा अंश उलटा कार्ट्रिजमध्ये, म्हणजे पेनातल्या इन्सुलिनच्या नळीत, शिरू शकतो. डोळ्यांना दिसत नाही, इन्सुलिन स्वच्छच दिसतं. सुई बदलून कार्ट्रिज बदलत नाही.

नाव टोपीवर लिहू नका. टोप्यांची अदलाबदल होते, मी फ्रीजमध्ये स्वतः बघितली आहे. मी चिकटपट्टीवर मुलाचं नाव आणि इयत्ता लिहून पेनाच्या अंगावर लावते, आकडे झाकले जाणार नाहीत अशी. प्रत्येकाचं एक सीलबंद जादा पेन फ्रीजमध्ये, त्याच्या नावाच्या डब्यात. दुसऱ्याच्या पेनातलं इन्सुलिन सिरिंजनं ओढून घ्यायची युक्तीही करू नका. पेनात बहुधा मिलिलीटरला १०० युनिटचं इन्सुलिन असतं आणि आपल्याकडे सिरिंजवरच्या खुणा बहुधा मिलिलीटरला ४० युनिटच्या हिशोबानं असतात. १० च्या खुणेपर्यंत भरलंत तर मुलाच्या अंगात १० ऐवजी २५ युनिट जातात.

बाकीचं थोडक्यात. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका, ती थेट न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाका. रक्ताचा बोळा वर्गातल्या कचरापेटीत नको. हॉस्टेलवर येणाऱ्या न्हाव्याला दर मुलाला नवं ब्लेड लावायला सांगा आणि समोर उभं राहा. शुगर तपासायच्या मशीनला रक्त लागलं तर हातमोजे घालून, कंपनीनं सांगितलेल्या जंतुनाशकानं पुसा.

"सगळ्यांची लस झालेली आहे" असं गृहीत धरू नका, कार्ड बघा. हिपॅटायटिस सीवर तर लसच नाही. आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर २००९ आठवा. तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडाशाला वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यानं हिपॅटायटिस बीची साथ आली आणि कितीतरी माणसं गेली. मोडासा काही सातासमुद्रापार नाही.

चूक झालीच तर लपवू नका. टोचलेली जागा साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा, दाबून रक्त काढू नका. मुलाला त्याच दिवशी वडोदऱ्याच्या सयाजीसारख्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर ती पहिल्या दोन तासांत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. हिपॅटायटिस बीची लस आणि गरज पडल्यास इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) शक्यतो २४ तासांत मिळायला हवं. निघण्याआधी कुणाचं पेन कुणाला वापरलं आणि किती वाजता, हे कागदावर लिहून घ्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.